पाळणाघराचा दर्जा आणि बालकाचा विकास

आईवडील नोकरीवर गेल्यावर लहान मुलाचा सांभाळ कोणी करावा, हा प्रश्न शहरी महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत घरोघरी पोहोचला आहे. एकत्र कुटुंबे विरळ झाली, आजी-आजोबा गावी राहिले किंवा वयोमानाने थकले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा मुलाचा दिवस पाळणाघरात, सांभाळणाऱ्या बाईंकडे किंवा शेजारच्या काकूंकडे जाऊ लागला. या बदलाविषयीची चर्चा बहुधा ‘मूल आईजवळच वाढावे की पाळणाघर चालेल’ या एकाच मुद्द्याभोवती फिरत राहते. बालविकासाच्या अभ्यासकांनी मात्र हा प्रश्न निराळ्या रीतीने मांडला आहे. मूल कोणत्या छपराखाली आहे, यापेक्षा तेथे त्याच्या वाट्याला कोणते मोठे माणूस येते, किती वेळ येते आणि किती सातत्याने येते, याचा परिणाम त्याच्या भाषेवर, आकलनावर आणि स्वभावावर अधिक होतो, असे निरनिराळ्या देशांतील दीर्घकालीन अभ्यासांतून दिसून आले आहे.

मेंदूची घडण आणि मोठ्यांचा प्रतिसाद

जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूची वाढ विलक्षण वेगाने होते. वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. या काळात मज्जापेशींमध्ये असंख्य जोडण्या तयार होतात. ज्या जोडण्या वारंवार वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, उरलेल्या हळूहळू गळून पडतात. कोणत्या जोडण्या वापरल्या जाणार, हे बऱ्याच अंशी बाळाच्या रोजच्या अनुभवावर ठरते.

हा अनुभव अगदी साध्या गोष्टींचा बनलेला असतो. बाळ हुंकार देते, आई किंवा सांभाळणारी व्यक्ती त्याला उत्तर देते. बाळ खिडकीतल्या कावळ्याकडे बोट दाखवते, मोठे माणूस त्याला ‘काऊ’ म्हणून सांगते. बाळ रडते, कोणीतरी उचलून घेते. दिवसभरात शेकडो वेळा घडणाऱ्या या देवाणघेवाणीतून मूल भाषा शिकते. आपण हाक मारली तर कोणी तरी धावून येते, हा विश्वासही त्याला यातूनच मिळतो. ही देवाणघेवाण खुंटली तर पोटभर खाणे, स्वच्छ कपडे आणि रंगीत खेळणी मिळूनही विकासात उणीव राहू शकते.

अनाथालयांतून मिळालेला धडा

याविषयीच्या आधुनिक विचाराचा आरंभ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात झाला. युद्धामुळे निराधार झालेल्या मुलांच्या मानसिक आरोग्यावर ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. तो १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. आईशी किंवा कायमस्वरूपी आईची जागा घेणाऱ्या व्यक्तीशी जिव्हाळ्याचे, अखंड नाते असणे मुलाच्या मानसिक आरोग्यासाठी आवश्यक असते, असे त्यात प्रतिपादन होते. पुढे या अहवालाचा आधार घेऊन ‘आईने नोकरी करूच नये’ असा युक्तिवाद अनेकांनी केला. तो करताना ‘आईची जागा घेणाऱ्या व्यक्तीचा’ उल्लेख बहुधा विसरला गेला.

अशा नात्याचा संपूर्ण अभाव काय करतो, याचे दारुण उदाहरण रुमानियात दिसले. १९८९ मध्ये चाउशेस्कू यांची राजवट कोसळली, तेव्हा तेथील सरकारी अनाथालयांत हजारो मुले दाटीवाटीने राहत होती. २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमध्ये अशा १३६ लहानग्यांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील निम्मी मुले सोडत पद्धतीने निवडून पालक कुटुंबांकडे सोपवण्यात आली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली, आणि दोन वर्षांच्या आत कुटुंब लाभलेल्यांची प्रगती सर्वांत चांगली झाली.

पाळणाघर म्हणजे अनाथालय नव्हे. तेथून मूल रोज संध्याकाळी आपल्या घरी परतते. मात्र पंचवीस बाळांमागे एकच थकलेली बाई असेल, तर त्या आठ-दहा तासांपुरती त्या मुलांची उपेक्षाच होते. ही मर्यादा कोठे सुरू होते, याचा शोध पुढच्या अभ्यासांनी घेतला.

अमेरिकेतील दीर्घ पाहणी

अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य व मानवविकास संस्थेने १९९१ मध्ये दहा ठिकाणी जन्मलेल्या १,३६४ मुलांची पाहणी सुरू केली. घरी, नातेवाइकांकडे, दाईकडे आणि पाळणाघरात वाढणाऱ्या या मुलांचा अभ्यास त्यांच्या किशोरवयापर्यंत चालला. पाळणाघरात राहिल्यामुळे मुलाचे आईशी असलेले नाते आपोआप बिघडते, असे त्यात आढळले नाही. आईचा प्रतिसाद मुळातच कमी असेल आणि जोडीला पाळणाघरही सुमार दर्जाचे असेल, तेथे मात्र हे नाते असुरक्षित होण्याची शक्यता वाढलेली दिसली.

चांगल्या दर्जाच्या पाळणाघरातील मुलांची भाषा आणि आकलन काहीसे सरस होते. याउलट, पहिल्या काही वर्षांत आठवड्यातील फार अधिक तास घराबाहेर राहिलेल्या मुलांमध्ये हट्ट आणि आक्रमकपणा किंचित जास्त आढळला. हे दोन्ही परिणाम सौम्य होते. परंतु पंधराव्या वर्षीच्या पाहणीतही, म्हणजे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतही, त्यांच्या खुणा शिल्लक होत्या. सर्वांत मोठा प्रभाव मात्र कुटुंबाचा होता. घरातील वातावरण, आईवडिलांचे मुलाशी असलेले वागणे आणि घरची परिस्थिती यांचे वजन पाळणाघराहून कितीतरी अधिक भरले.

घरातील संगोपनही सुधारता येते, हे जमैकातील प्रयोगाने दाखवून दिले. किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये कुपोषणामुळे वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊन मुलाशी कसे बोलावे, कसे खेळावे हे आईला दाखवत. दोन वर्षे हा उपक्रम चालला. ही मुले बावीस वर्षांची झाली, तेव्हा त्यांची कमाई उपक्रमाबाहेर राहिलेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती.

स्वस्त सोय आणि चांगली सोय

पाळणाघरे भरपूर आणि स्वस्त झाली की प्रश्न सुटतो, असे अनेकांना वाटते. कॅनडातील क्यूबेक प्रांताचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. या प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर एवढ्या नाममात्र शुल्कात बालसंगोपनाची सोय सर्वांना देण्यास आरंभ केला. नोकरी करणाऱ्या मातांचे प्रमाण लक्षणीय वाढले. पण मायकल बेकर, जोनाथन ग्रुबर आणि केविन मिलिगन या अर्थशास्त्रज्ञांना तेथील लहान मुलांमध्ये चिडचिड, भीती आणि आक्रमकपणा वाढल्याचे आढळले. मागणी वेगाने वाढली, जागा कमी पडल्या आणि घाईने उभ्या राहिलेल्या अनेक केंद्रांचा दर्जा जेमतेम राहिला, अशी त्याची एक मीमांसा केली जाते. दर्जाची तपासणी करणाऱ्या अन्य संशोधकांनाही तेथील बहुसंख्य केंद्रे सुमार वाटली. नफ्यासाठी चालवल्या जाणाऱ्या केंद्रांपेक्षा ना-नफा तत्त्वावरील केंद्रे त्यांना उजवी आढळली.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेत आहे. मिशिगन राज्यातील पेरी बालशाळेचा प्रयोग १९६२ मध्ये सुरू झाला. गरीब घरांतील १२३ मुलांपैकी ५८ मुलांना प्रशिक्षित शिक्षिकांच्या बालशाळेत घेण्यात आले. दर आठवड्याला शिक्षिका त्यांच्या घरीही जात. उत्तर कॅरोलायनातील ‘अबेसेडेरियन’ प्रकल्पात १९७२ पासून तान्ह्या बाळांना पाच वर्षे वयापर्यंत दिवसभराचे उत्तम संगोपन मिळाले. पेरीची मुले चाळिशीत पोहोचली तेव्हा त्यांची मिळकत अधिक आणि अटकेचे प्रमाण कमी होते. अबेसेडेरियनमधील मुले मोठेपणी शिक्षणात पुढे गेली आणि त्यांचे आरोग्यही चांगले राहिले. हे प्रयोग लहान होते आणि अत्यंत गरीब कुटुंबांतील मुलांपुरते होते. त्यामुळे तेवढाच लाभ सुखवस्तू घरातील मुलालाही होईल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. मात्र चारही अनुभव शेजारी ठेवले की दर्जाचे महत्त्व ठळकपणे समोर येते.

दर्जा म्हणजे नेमके काय?

दर्जा म्हणजे गुळगुळीत फरशी, भिंतीवरची चित्रे किंवा इंग्रजी नाव, असा समज शहरांत रुजला आहे. संशोधकांच्या दृष्टीने दर्जाला दोन अंगे असतात. एक अंग मोजता येते: एका व्यक्तीमागे किती मुले, एका गटात एकूण किती मुले, सांभाळणाऱ्यांचे प्रशिक्षण किती, त्या किती काळ टिकून आहेत, जागा किती मोकळी व स्वच्छ आहे. दुसरे अंग नजरेने पाहावे लागते: मुलांशी बोलले जाते का, ती रडली तर लक्ष दिले जाते का, त्यांना स्वतः काही करून पाहू दिले जाते का. पहिले अंग नीट असेल तरच दुसरे शक्य होते. प्रेमळ स्वभावाची बाईदेखील एकाच वेळी पंधरा रांगत्या मुलांना उत्तर देऊ शकत नाही.

म्हणूनच अनेक देशांनी हे प्रमाण कायद्याने ठरवले आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक व्यक्ती आवश्यक असते. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण २०२३ पासून पाच मुलांमागे एक असे आहे. भारतात केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस, अशी रचना होती.

मनुष्यबळ वाढवल्याने काय घडते, याचे भारतीय उत्तर तमिळनाडूतून मिळाले आहे. कार्तिक मुरलीधरन, अलेखांद्रो गनिमियन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या संशोधकांनी तेथील ६४० अंगणवाड्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या केंद्रांत अर्धवेळ काम करणारी एक जादा सेविका नेमण्यात आली. दीड वर्षानंतर त्या केंद्रांत शिकवण्या-खेळवण्याचा वेळ दुप्पट झाला होता आणि मुलांचे गणित व भाषा सुधारली होती. मूळच्या सेविकेला पोषण आहाराकडे लक्ष देण्यास सवड मिळाल्यामुळे कुपोषणही कमी झाले होते.

लहान वयात गर्दीचा शरीरावरही परिणाम होतो. ताणाशी निगडित असलेले कॉर्टिसॉल हे संप्रेरक सकाळी जास्त असते आणि दिवस कलेल तसे उतरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेगन गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिवसभर पाळणाघरात राहणाऱ्या अनेक मुलांमध्ये, विशेषतः दोन-तीन वर्षांच्या मुलांमध्ये, ते दुपारनंतर वाढत असल्याचे आढळले. तीच मुले घरी असताना मात्र ते उतरत असे. प्रेमळ लक्ष मिळणाऱ्या केंद्रांत ही वाढ कमी होती. पाळणाघरातील मुलांना पहिल्या एक-दोन वर्षांत सर्दी-खोकला आणि कानाचे संसर्गही अधिक होतात. पुढे शाळेत गेल्यावर त्याच मुलांना हे आजार तुलनेने कमी होतात.

महाराष्ट्राची परंपरा

लहान मुलांच्या संगोपनाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये अनुताई वाघ यांच्या साथीने ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. गरीब वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ती कल्पना तेथे रुजली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये विस्तारले. मुलाची आंघोळ, नखे आणि गोष्टी-गाणी ही सारी या बाईंच्या दृष्टीने शिक्षणाचीच अंगे होती.

बांधकामावरील मजूर स्त्रियांची तान्ही मुले विटांच्या ढिगाऱ्यांत लोळताना पाहून मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था सुरू केली. काम संपले की मजुरांबरोबर पाळणाघरही दुसऱ्या जागी जाई. १९७२ मध्ये हे काम मुंबईत आले. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांत सुरू केली. कोसबाडच्या परंपरेतील ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले.

मात्र अंगणवाडी दिवसातून काही तासच चालते आणि तिचा शिक्षणाचा भाग प्रामुख्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन वर्षांखालील मूल दिवसभर कोठे राहणार, या प्रश्नाला तिच्यापाशी पुरेसे उत्तर नव्हते. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’ अंतर्गत ‘पाळणा’ या नावाने अंगणवाडीला पाळणाघराची जोड देण्याचे धोरण आले, तर २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध झाला.

कायदा कोठपर्यंत पोहोचतो?

स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर असावे, ही तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्यातही होती. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पहिले सहा महिने केवळ स्तनपान द्यावे, या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीशी ही मुदत जुळते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असेही या दुरुस्तीने ठरवले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी कायम ठेवण्यात आल्या.

देशातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया मात्र असंघटित क्षेत्रात आहेत. धुणीभांडी करणारी, भाजी विकणारी किंवा बांधकामावर जाणारी स्त्री या तरतुदींच्या कक्षेत सहसा येत नाही. पाळणाघरात दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या मावशींचे स्वतःचे लेकरू अनेकदा त्याच वेळी वस्तीत थोरल्या बहिणीच्या हवाली असते आणि त्या बहिणीची शाळा बुडते.

खासगी पाळणाघरांवर देखरेख किती ढिली असते, याची जाणीव नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील घटनेने करून दिली. एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला झालेली मारहाण सीसीटीव्ही चित्रणातून उघड झाली आणि त्यानंतर नोंदणी व नियमांची मागणी जोराने पुढे आली. कॅमेरा अशा क्रौर्याची नोंद करतो. दिवसभर कोणी न बोललेल्या मुलाची उपेक्षा त्यात ठळकपणे दिसत नाही.

पालकांनी काय पाहावे?

पाळणाघर निवडताना काही प्रश्न थेट विचारावेत. आपल्या मुलाच्या वयाची किती मुले आहेत आणि त्यांना सांभाळणाऱ्या किती जणी आहेत? मावशी किती वर्षांपासून तेथे काम करतात? दर दोन-तीन महिन्यांनी माणसे बदलत असतील, तर मुलाला प्रत्येक वेळी नव्याने विश्वास जोडावा लागतो. विशिष्ट मुलांची जबाबदारी विशिष्ट मावशींकडे आहे का, हेही विचारावे. न कळवता आलेल्या पालकाला आत येऊ दिले जाते का, ही सर्वांत सोपी परीक्षा होय.

तेथे तासभर बसून पाहणे अधिक उपयुक्त ठरते. मावशी मुलांना नावाने हाक मारतात का, खाली बसून बोलतात का, रडणाऱ्या मुलाला जवळ घेतात का, याकडे लक्ष द्यावे. दूरचित्रवाणी किंवा मोबाइल लावून मुलांना गप्प बसवले जात असेल, तर ती धोक्याची खूण समजावी. एक वर्षाखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक दाखवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस आहे.

सुरुवातीचे काही दिवस आई किंवा वडिलांनी थोडा वेळ सोबत थांबून मुलाला जागेची आणि माणसांची ओळख करून द्यावी. पहिल्या दिवसांतले रडणे स्वाभाविक असते. परंतु अनेक आठवड्यांनंतरही मूल मावशींना पाहून घाबरत असेल, झोप व भूक उडाली असेल किंवा बोलणे मंदावले असेल, तर त्याची दखल घ्यायला हवी. संध्याकाळी घरी आल्यावर मुलासाठी राखलेला अर्धा-पाऊण तासही मोलाचा असतो, कारण कुटुंबाचे वजन सर्वाधिक असते, हे अभ्यासांनी दाखवलेच आहे.

मानधन आणि मोल

चांगल्या संगोपनाचा सर्वांत मोठा खर्च माणसांवर होतो. मुले कमी आणि सांभाळणाऱ्या अधिक असाव्यात, त्या प्रशिक्षित असाव्यात आणि टिकून राहाव्यात, या साऱ्या अपेक्षा अखेर त्यांच्या पगारापाशी येऊन थांबतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अंगणवाडी सेविकांचे मासिक मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केले. राज्ये त्यात आपली भर घालतात. ‘वेतन’ या शब्दाऐवजी ‘मानधन’ हा शब्द वापरल्याने या स्त्रिया दीर्घकाळ कर्मचारी न ठरता स्वयंसेविका ठरल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. खासगी पाळणाघरांतील मावशींच्या बाबतीत तर त्यांची मजुरी मालकाच्या मर्जीवर आणि पालकांच्या ऐपतीवर अवलंबून असते.

पालकांना परवडेल एवढे शुल्क आणि सांभाळणाऱ्या स्त्रीला सन्मानाने जगता येईल एवढा पगार, यांच्यातील अंतर बहुतेक कुटुंबांना एकट्याने भरून काढता येत नाही. ज्या देशांनी ते भरून काढले, तेथे सरकारने आणि मालकवर्गाने खर्चाचा वाटा उचलला. तसा वाटा येथे उचलला जात नाही तोवर, एका मावशीच्या मांडीवर एकाच वेळी किती मुले बसतात, हे मुलाच्या गरजेनुसार नव्हे, तर शुल्काच्या हिशेबानुसार ठरत राहील.